नोकरीच्या अर्जासाठी स्वतःचं वेबपेज; एचटीएमएलचे पाच-सहा टॅग पुरे

नवी मुंबई : महापे, ऐरोली, घणसोलीच्या आयटी कंपन्यांत नोकरीसाठी पेण, कर्जत, माणगावकडची मुलंही अर्ज करतात. बऱ्याच ऑनलाइन अर्जांत ‘प्रोफाइल लिंक’ अशी एक चौकट असते आणि ती रिकामीच राहते. ती भरायला एक रुपयाही लागत नाही. लागतं थोडं एचटीएमएल आणि कॉम्प्युटरवरचं साधं नोटपॅड.

एचटीएमएल म्हणजे मजकुराला खुणा करणं. नावाच्या आधी आणि नंतर ‘एच१’ टॅग लावला की नाव मोठं, ठळक दिसतं. परिच्छेदाला ‘पी’, लिंकला ‘ए’, फोटोला ‘आयएमजी’, यादीला ‘यूएल’ आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘एलआय’. टॅग इंग्रजी अक्षरांतच, टोकदार कंसात लिहायचा. बंद करताना तिरकी रेघ द्यायची. फोटोचा टॅग तेवढा बंद करावा लागत नाही.

फाइलला ‘इंडेक्स.एचटीएमएल’ हे नाव इंग्रजीत द्या. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायला विसरू नका, नाहीतर नोटपॅड नावापुढे गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतं आणि पेज उघडतच नाही. मग गिटहबवर मोफत खातं काढायचं, ‘युजरनेम.गिटहब.आयओ’ या नावाची पब्लिक रिपॉझिटरी करायची (युजरनेमच्या जागी आपलं) आणि फाइल तिथे चढवायची. थोड्या वेळात तोच तुमचा पत्ता होतो.

खरी गंमत मराठीत होते. टायपिंग सेंटरवर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला बायोडाटा कॉपी करून टाकला, तर समोरच्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या फाँटमध्ये अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फक्त रूप मराठी. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच पुन्हा टाइप करावा आणि वरच्या ‘हेड’ भागात ‘मेटा’ टॅग घालून चारसेट ‘यूटीएफ-८’ लिहावा. पेज मोबाइलवर बारीक दिसत असेल तर तिथेच ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग हवा.

फोटो घरी दिसतो, ऑनलाइन दिसत नाही, हीही नेहमीची तक्रार. फाइलचं नाव कॅपिटल अक्षरात आणि टॅगमध्ये स्मॉल, असं असेल तर विंडोज चालवून घेतं, गिटहब नाही.

दुसऱ्यांच्या साइटवरच्या प्रोफाइलमध्ये मात्र सगळे टॅग चालत नाहीत. त्याला कारण आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये अमेरिकेतल्या मायस्पेसवर एकाने आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट दडवली. प्रोफाइल पाहणाऱ्याच्या पानावर ती आपोआप उतरत गेली आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खात्यांत पसरली. मायस्पेस काही काळ बंद ठेवावं लागलं. आज बहुतेक साइट ‘स्क्रिप्ट’ टॅग सरळ काढून टाकतात.

आपल्या पेजवर शिक्षण, काम, ईमेल एवढं पुरे. आधार नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता टाकू नका. पब्लिक रिपॉझिटरीत चुकून टाकलेली गोष्ट नंतर खोडली, तरी जुनी प्रत तिच्या हिस्ट्रीत कुणालाही दिसते.