प्रवासांत दुधातुपावांचून



प्रवासास निघतांना आपण तिकिटांची, अंथरुणाची व पाण्याची काळजी वाहतों. जेवणाची काळजी मात्र शाकाहारी मनुष्यास आपल्या देशांत सहसा नसते. परंतु अलीकडे शहरांतील अनेक घरांत एखादा तरुण किंवा तरुणी असा निश्चय करते कीं, मांस तर नकोच, पण दूध, दहीं, ताक, लोणी, तूप आणि मध हेहि नकोत. अशा मनुष्यानें घराबाहेर पडल्यावर काय खावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

या आहारास 'व्हीगन' म्हणतात. इंग्लंडांत डॉनल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं १९४४ च्या नोव्हेंबरांत या मताची संस्था स्थापन केली आणि 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं तीन व शेवटचीं दोन अक्षरें घेऊन हें नांव बनविलें. नांव परकें असलें तरी कल्पना आपल्यास नवखी नाहीं. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलें होतें. पुढें १९१८ सालीं जडलेल्या दुखण्यांत देह खंगला, तेव्हां कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. पण व्रताचा शब्द राहिला तरी आत्मा गेला, ही खंत त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केली आहे. सारांश, हा निश्चय हट्ट म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

खरी अडचण 'शाकाहारी' या शब्दांतच आहे. आपल्याकडे या शब्दांत दूधतूप गृहीत असतें. पुड्यावरील हिरवा ठिपकाहि तेवढेंच सांगतो. हिरवा ठिपका असलेल्या बिस्किटांत दुधाची भुकटी खुशाल असूं शकते. म्हणून पुडा उलटून घटकांची यादी वाचावी. 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन', 'बटर' हे शब्द दिसले कीं तो पुडा परत ठेवावा. कित्येकांस दूध बाधतें म्हणून 'यांत दूध आहे' अशी सूचनाहि पुड्यावर निराळी छापलेली असते. तिच्यावर नजर टाकली कीं अर्धें काम होतें. मधाचा शोध मात्र यादींतच घ्यावा लागतो. २०२२ सालीं सरकारनें व्हीगन पदार्थांसाठीं स्वतंत्र नियम केले असून त्यांकरितां हिरव्या 'व्ही' अक्षराचें निराळें चिन्ह ठरविलें आहे.

आतां हॉटेलांतील जिन्नस पाहूं. बटाटेवडा हा उकडलेला बटाटा, डाळीचें पीठ व तेल यांचा; तो बहुधा निर्धोक. पावास मात्र लोणी फासूं नये असें आधींच सांगावें. कांदेपोहे, मटकीची उसळ, पिठलें-भाकरी, भरलें वांगें हे पदार्थ तेलावर होतात. मिसळीवर दहीं व भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, तेवढा नको म्हणावें. इडली व सांबार चालतें. डोसा तेलावर टाकावयास सांगावा, आणि खोबऱ्याच्या चटणींत दहीं कालवलें आहे काय तें विचारावें. कोंकणांत नारळाच्या दुधाची सोलकढी ताकाची उणीव भासूं देत नाहीं. उलट, जे जिन्नस आपण सर्वांत सोंवळे समजतों तेच येथें अधिक धोक्याचे. साबुदाण्याची खिचडी पुष्कळदां तुपावर परततात, आणि पंचामृतांतील पांच पदार्थांपैकीं चार, म्हणजे दूध, दहीं, तूप व मध, वर्ज्य ठरतात. देवळांत नारळाचा किंवा खडीसाखरेचा प्रसाद मागून घ्यावा; त्यांत देवाचा अवमान होत नाहीं.

विचारण्याचीहि एक रीत आहे. 'हें शाकाहारी ना?' असें विचारल्यास उत्तर 'होय' असेंच येणार. 'यांत दूध, दहीं, लोणी, तूप यांपैकीं काय आहे?' असें एकेक नांव घेऊन विचारावें, आणि शक्य तर वाढप्याऐवजीं आचाऱ्यास विचारावें. फोडणी कशाची हें त्यालाच ठाऊक असतें. 'तूप' या शब्दाचाहि उलगडा करून घ्यावा. कित्येक ठिकाणीं तूप म्हणून वनस्पति तूप वापरतात. तें तेलाचें असल्यानें नियमांत बसतें, मग प्रकृतीस तें कितपत मानवतें हा प्रश्न निराळा.

शिदोरीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या आजीची प्रवासाची शिदोरी म्हणजे दशमी. पण तिची कणीक दुधांत भिजवीत, त्यामुळें ती येथें उपयोगी नाहीं. तिच्या जागीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दह्याशिवाय केलेलीं धपाटीं, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा, फुटाणे, खजूर, शेंगदाणे व गूळ यांची पुरचुंडी बांधावी. केळीं कोणत्याहि स्टेशनावर मिळतात. परदेशीं जाणाऱ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, जपानांत नुसत्या भाजीच्या सारांतहि माशांचा अर्क असूं शकतो. उलट इथिओपियांत तेथील ख्रिस्ती लोक बुधवारीं व शुक्रवारीं उपवासाचें जें अन्न खातात, त्यांत मांस, अंडीं व दूध कांहींच नसतें, म्हणून तेथें 'उपवासाचें जेवण' एवढें मागितलें कीं पुरे. 'ब-१२' हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नाहीं. तेव्हां वैद्यकीय सल्ल्यानें घेतलेली त्याची गोळी प्रवासांतहि चुकवूं नये.

शेवटीं वडील मंडळींस दोन शब्द. आमच्या नात्यांतील एक मुलगी सहलींत दोन वेळां नुसता भात व लोणचें खाऊन उठली. कोशिंबिरींत दहीं, आमटीस तुपाची फोडणी, पोळीस तूप आणि गोडास श्रीखंड. कोणी विचारलें तर ती 'भूक नाहीं' म्हणे, कारण विषय काढला कीं थट्टा सुरू होई. तिची उपासमार अन्नाच्या अभावीं झाली नव्हती. आमटी तेलाच्या फोडणीची केली असती आणि दोन पोळ्या कोरड्या ठेवल्या असत्या तर ती पोटभर जेवली असती, आणि इतरांचेंहि कांहीं उणें झालें नसतें. एकादशी करणारास आपण निराळें ताट वाढतों व त्यांत आपला अपमान मानीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा. तरुणांनींहि यजमानास दोन दिवस आधीं कळवावें, आणि ऐन पंगतींत दुसऱ्याच्या ताटावर टीका करूं नये. इतकें दोन्ही बाजूंनीं संभाळलें, तर आपल्या घरच्या सहलींतून कोणीहि उपाशी परतणार नाहीं.