पापण्यांवरील शस्त्रक्रियेपूर्वी

काचीगुड्यातील मराठी घरांतून 'डोळे जड वाटतात' ही ज्येष्ठांची तक्रार ऐकू येते. पापणीची कातडी सैल होऊन लोंबत असेल, तर ती छाटता येते. मात्र पापणी उचलणारा स्नायूच शिथिल झाला असेल, तर निव्वळ कातडी काढून उपयोग नाही. हा भेद आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. मेहदीपट्टणमचे सरोजिनीदेवी सरकारी नेत्र रुग्णालय शहरातच आहे.

भूल बहुधा स्थानिक असते. टाके साधारणतः ५ ते ७ दिवसांत निघतात, सूज व काळेनिळेपणा दोनेक आठवडे राहतो; घरात लग्नकार्य असल्यास तारीख पुढे ढकललेली बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे, स्वतःहून थांबवू नयेत. नंतर अकस्मात तीव्र वेदना झाल्यास वा दृष्टी मंदावल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डोळ्यामागील रक्तस्रावाने दृष्टी जाऊ शकते.