ठाण्याच्या खाडीतील पाहुणे

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्गास घोडबंदरचा रस्ता मिळतो. तेथील रहदारी पाहून आपण साष्टी बेटावर उभे आहोत, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. या बेटास मुख्य भूमीपासून अलग करणाऱ्या ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात उभे राहून ते चोच उलटी धरतात, पाणी गाळतात व त्यातील शेवाळ आणि बारीक जीव खातात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या आहारातूनच येतो. ज्या चिखलास पाहून माणसे नाक मुरडतात, तेच त्यांचे पंचपक्वान्नांचे ताट होय!

२०१५ साली या खाडीत अभयारण्य झाले. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी नावा निघतात. नावेची वेळ प्रवाशाच्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटीच्या गणिताने ठरते. थव्याच्या फार जवळ गेल्यास पक्षी घास टाकून उडून जातात.

समुद्रकाठी ऐषआरामी विश्रामगृहे उभारताना पुष्कळदा याच्या उलट घडते. खिडकीतून पाणी दिसावे म्हणून कांदळवन तोडतात, भराव घालतात. मग काठ ढासळू लागतो. माशांची पिल्ले कांदळाच्या मुळांच्या आश्रयाने वाढत असल्यामुळे कोळ्यांच्या जाळ्यातील मासळीही घटते. पाहुण्याच्या चार दिवसांच्या सुखाची ही किंमत गावाने का द्यावी?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या स्त्रिया प्रवाशांना होडीतून कांदळवन दाखवितात. तेथे वन उभे राहिले, तरच त्यांची मिळकत चालते.