कानस, गेज आणि रायफलचे सुटे भाग

वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले सुटे भाग एकत्र आणून रायफल जोडायला घेतली, की अडचण बहुधा दोनच प्रकारांनी समोर येते: भाग आपल्या जागेत शिरत नाही, किंवा शिरतो पण सैल राहतो. अमेरिकेत कायद्याच्या चौकटीत राहून अनेक नागरिक घरीच अशी जोडणी करतात आणि तिथे ही तक्रार नेहमीची आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा गुन्हा असल्याने हा प्रश्न घरात नव्हे, तर कारखान्यातच उद्भवतो. मात्र न बसणाऱ्या भागावर लगेच कानस चालवावी, हा जो पहिला विचार मनात येतो, तोच बाजूला सारण्यासाठी बंदूक-कारागिरीला जवळजवळ अर्धे शतक झगडावे लागले, आणि त्या झगड्यातूनच आजच्या यंत्रनिर्मितीची पद्धत घडली.

अठराव्या शतकातील बंदुकीचा सर्वांत किचकट भाग म्हणजे तिचे लॉक, अर्थात चाप ओढल्यावर घोडा सोडून ठिणगी पाडणारी यंत्रणा. तिचे तुकडे मऊ लोखंडात घडवून कारागीर ते एकमेकांना लावून पाहत, जिथे अडेल तिथे घासत आणि नीट बसल्यावर पुन्हा सुटे करून त्यांना पाणी देत, म्हणजे तापवून व एकदम थंड करून कडक करीत. या क्रियेत धातू थोडा का होईना वाकतो, त्यामुळे जुळवलेले तुकडे पुन्हा किंचित बेजुळ होत. शिवाय एका लॉकचा तुकडा दुसऱ्यात मुळीच बसत नसल्याने संच ओळखण्यासाठी प्रत्येकावर टिंबे किंवा रेघा कोराव्या लागत. रणांगणावर एक स्प्रिंग तुटली, तर तिच्या जागी नवी स्प्रिंग घासून बसवणारा कारागीर हजर असेपर्यंत ती बंदूक निकामी राही.

फ्रान्समधील ओनोरे ब्लाँ या बंदूक-कारागिराने साचे आणि मोजमापाची गेजे वापरून हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला. १७८५मध्ये अमेरिकेचे फ्रान्समधील प्रतिनिधी थॉमस जेफरसन यांनी त्याच्या कार्यशाळेला भेट दिली, समोर पडलेले तुकडे हाताला येतील तसे उचलून स्वतः लॉके जोडून पाहिली आणि ती जुळल्याचे मायदेशी कळवले. ही कल्पना अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय पाठ्यपुस्तके एलाय व्हिटनी याला देतात. त्याने १७९८मध्ये दोन वर्षांत दहा हजार बंदुका देण्याचा करार केला आणि १८०१मध्ये वॉशिंग्टनला सत्ताधाऱ्यांपुढे प्रात्यक्षिकही दाखवले. पण शेवटच्या बंदुका सरकारच्या हाती पडायला १८०९ उजाडले, आणि त्याच्या उपलब्ध बंदुका विसाव्या शतकात अभ्यासकांनी खोलून पाहिल्या, तेव्हा त्यांतील भाग एकमेकांत बदलता येत नसल्याचे व त्यांवर जुन्या पद्धतीच्या खुणा असल्याचे आढळले. हे श्रेय खरे तर जॉन हॉल याला मिळायला हवे.

हॉलने १८११मध्ये मागच्या बाजूने बार भरता येणाऱ्या रायफलचे पेटंट घेतले आणि १८१९पासून हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्र-कारखान्यात ती बनवायला घेतली. त्याला उमगलेले तत्त्व आज प्रत्येक यंत्रशाळेत शिकवले जाते, तरी ते सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. एका पट्टीवर ओळीने दहा भोके पाडायची आहेत आणि प्रत्येक भोकाचे अंतर आधीच्या भोकापासून मोजले आहे असे धरले, तर दर वेळी होणारी एक दशांश मिलिमीटरची चूक साठत जाऊन दहाव्या भोकापाशी ती एक मिलिमीटरपर्यंत पोचू शकते, आणि प्रत्येक टप्पा आपापल्या मर्यादेत बिनचूक असूनही शेवटचा स्क्रू बसत नाही. तीच सगळी भोके पट्टीच्या एकाच ठरावीक कडेपासून मोजली, तर कुठल्याही भोकाची चूक एक दशांशाच्या पलीकडे जात नाही. या ठरावीक आधाराला यंत्रशास्त्रात डेटम म्हणतात, तर मापात चालवून घेतल्या जाणाऱ्या फरकाला टॉलरन्स. म्हणूनच भाग बसत नाही तेव्हा दोष त्याच भागात असेल असे नाही. तो तीन टप्पे आधी, भलत्याच पृष्ठावरून घेतलेल्या मापात दडलेला असू शकतो, आणि अशा वेळी समोरचा निर्दोष भाग घासणारा माणूस एका चुकीच्या दोन चुका करतो.

हॉलने प्रत्येक भाग यंत्रावर पकडताना हा एकच आधार पाळला, एका रायफलसाठी ६३ गेजे वापरली आणि कामात गेजेही झिजतात हे ओळखून कारागिराची, तपासनिसाची आणि मूळ प्रमाणाची असे त्यांचे वेगवेगळे संच ठेवले. सरकारने नेमलेल्या समितीने शंभर रायफली खोलून, भाग मिसळून त्या नव्या दस्त्यांवर पुन्हा जोडवून पाहिल्या, आणि त्या जुळल्या. पुढे मिडलटाउन येथे सिमियन नॉर्थ याने बनवलेल्या रायफलींचे भागही हार्पर्स फेरीच्या भागांशी बदलता येऊ लागले. दोन दूरच्या गावांतले धातूचे तुकडे एकमेकांत बसणे, ही त्या काळातली अपूर्व गोष्ट होती.

इंग्लंडला हे पटायला वेळ लागला. १८५१च्या लंडन प्रदर्शनात अमेरिकी रायफली पाहिल्यानंतर तिथून एक समिती अमेरिकेला गेली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्र-कारखान्यात तिने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक बंदूक निवडून सुटी करायला लावली, भाग मिसळले आणि कामगाराने केवळ स्क्रू-ड्रायव्हरच्या मदतीने त्या पुन्हा जोडल्या. लंडनजवळच्या एनफील्ड येथील कारखान्यासाठी बरीचशी यंत्रे अमेरिकेतून मागवली गेली.

तरीही एक जागा अशी उरली, जिथे सरसकट अदलाबदल परवडत नाही. गोळीबाराच्या वेळी काडतुसाला मागून आधार देणारे बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा, यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते कमी पडले तर बोल्ट बंदच होत नाही; जास्त झाले तर काडतुसाचे पितळ मागे ताणले जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या दिशेने येऊ शकतात. ही तपासणी ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशा दोन गेजांनी होते: पहिल्यावर बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील तपासनीसही गाड्यांच्या भागांची भोके अशाच जोडगोळीने तपासतो. दुसऱ्या महायुद्धातील ली-एनफील्ड नंबर चार या रायफलसाठी बोल्टची टोके ० ते ३ असे क्रमांक घालून, प्रत्येक आधीपेक्षा इंचाच्या काही हजारांशांनी लांब, अशी चार मापांत बनवली जात. शस्त्रतज्ज्ञ गेज लावून पाही, योग्य क्रमांकाचे टोक निवडून बसवी, आणि ज्या रायफलला तो बोल्ट जुळला तिचाच क्रमांक बोल्टवर ठोकला जाई.