लाइट गेली तरी रेकॉर्डिंग वाचतं!
शिरूर-दौंडकडच्या मंडळींनो, डीडी फ्री डिशच्या छत्रीवरून सह्याद्री वाहिनी रेकॉर्ड करत असाल तर हे नक्की वाचा. मी जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीबी-एस२ ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. फुकट आहे आणि भरवशाचंही. फक्त फाइल एमपी४ मध्ये नको, टीएसमध्येच ठेवा. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की अख्खी फाइल उघडत नाही. टीएसमध्ये १८८ बाइटची पाकिटं एकामागोमाग साठत जातात, म्हणून तिथपर्यंतचं सगळं दिसतं. परवा संध्याकाळी लाइट गेली, तरी आईच्या कीर्तनाची पहिली ४० मिनिटं शाबूत! मुसळधार पावसात सिग्नलच तुटतो, तिथे मात्र सॉफ्टवेअरचा इलाज नाही. कार्यक्रमाच्या आधी-नंतर ५-१० मिनिटं जादा लावा, आणि छोटा यूपीएस घ्याच.