रोप राबात ठेवून पीक येत नाही

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत नगरकडे निघालं, की माळशेज घाटाच्या अलीकडे वैशाखरे लागतं. नाणेघाटाची वाट इथूनच वर चढते. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. वर गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दिवाळीच्या सुमाराला इथे पायथ्याच्या खाचरांत भाताची कापणी चालू असते. विळ्याची कच्‌कच् रस्त्यावर ऐकू येते आणि हवेला ओल्या पेंढ्याचा वास असतो.

हे भात ताटात येण्याआधी दोनदा मातीत लागलेलं असतं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, गवत आणि वर मातीचा थर असं पसरून राब भाजतात. पहिल्या पावसाबरोबर त्या राखेच्या वाफ्यात बी फेकतात. तीन-चार आठवड्यांत हिरवागार, दाट गालिचा तयार होतो. बघणाऱ्याला वाटावं, पीक आलंच! पण ते रोप तिथेच ठेवलं तर एकमेकांत गुदमरतं, ओंबी धरत नाही. म्हणून ते उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात आवणी करायची. उपटताना मुळं तुटतात. दोन-चार दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं. मग ते नव्या चिखलात मूळ धरतं आणि एकेका काडीला फुटवे येतात.

ख्रिस्ती श्रद्धेचंही असंच असतं. बाप्तिस्मा ही पेरणी आहे, आवणी त्यानंतर होते. ती ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसते, त्या मराठी माणसांत पहिलं नाव पंडिता रमाबाईंचं.

पेरणी : १८८३

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने मुलीला. पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, अन्नासाठी हजारो मैल पायी भटकली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, तर १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मांडीवर तान्ही मनोरमा होती.

लग्नानंतर सिल्चरच्या घरी बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान त्यांच्या हाती पडलं होतं. पण त्यांच्या मनाला खरा हात घातला गेला तो इंग्लंडमध्ये, १८८३ साली. वाँटेज इथल्या जोगिणींच्या आश्रमात त्या राहत होत्या. त्या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जाई. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट सांगण्यात आली. ज्या बाईशी कुणी बोलत नव्हतं, तिच्याकडे प्रभूने पाणी मागितलं होतं. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

क्रम लक्षात घ्यावा. त्यांच्यापुढे आधी सेवा आली, श्रद्धा तिच्या मागून आली. कोणत्याही वादविवादापेक्षा त्या टाकलेल्या बायकांच्या अंथरुणावरच्या स्वच्छ चादरींनी त्यांना जास्त शिकवलं असावं, असं मला वाटतं.

आवणी : १८९१

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं. ते विधवांसाठी होतं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. काम उभं राहिलं, नाव झालं. तरी आत काहीतरी कोरडं आहे, हे त्या स्वतः ओळखून होत्या. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, पण स्वतः ख्रिस्त अजून भेटायचाच आहे, असं त्यांना जाणवलं. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना ही जाणीव धारदार झाली. पाळक म्हणून कित्येक वर्षं काम केल्यावर आपलं खरं परिवर्तन झालं, असं हॅस्लम त्यात सांगतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंनी आपली विद्वत्ता, आपले बेत, आपली धडपड सगळं देवाच्या हवाली केलं. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हा प्रवास मोकळेपणाने मांडला आहे.

मुळं तुटायची ती तुटलीच. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या थोरांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. संस्था धर्मनिरपेक्ष राहील, असा शब्द दिलेला होता. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही.

पुढे आणखी एक आधार सुटायची वेळ आली. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी मदतीचा शब्द दिला होता, ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. नेमक्या त्याच काळात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे स्वतःची उपाशी आई उभी राहिली असणार. पैसे किती, जागा कुठे, याचा हिशेब बसण्याआधी त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात त्यांना ठेवता येईना. मग दौंडजवळच्या केडगावच्या माळावर तंबू ठोकले गेले. तिथेच ‘मुक्ती’ सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

विश्वास म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं नव्हे. मुक्तीत पहाटे प्रार्थना होई आणि दिवसभर विहिरी, शेती, गाईगुरं, हातमाग, तेलघाणा, छापखाना चाले. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होतं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या होत्या, त्यांनी ते त्या मुलींना शिकवलं.

शरण जाणं आणि मान तुकवणं

समर्पण हा शब्द फार सहज वापरला जातो आणि त्याच्या आडून माणसाला गप्पही बसवलं जातं. रमाबाईंकडे बघितलं की त्याचा खरा अर्थ कळतो. वाँटेजच्या जोगिणींनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. मला न कळणारी भाषा माझ्या गळ्यात कशाला, संस्कृत लिहा, असा त्यांनी आग्रह धरला. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. मतभेद झाले तिथे आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांनाही पत्रांतून स्पष्ट विचारलं. देवापुढे गुडघे टेकले होते, म्हणूनच माणसांपुढे ताठ उभं राहता आलं.

याच कल्याण-नगर मार्गाच्या दोन टोकांशी आणखी एक नाव बांधलेलं आहे. नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणला शिकले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा होती. पंचावन्न वर्षांच्या माणसाने महिन्याच्या हमीवर पाणी सोडलं. ही टिळकांची आवणी.

जवळच्या काळातलं उदाहरण वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तेच ‘हरित वसई’च्या चळवळीत शेतकऱ्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. विहिरींचं पाणी आणि वाड्यांची हिरवळ राखणं हाही त्यांच्या लेखी उपासनेचाच भाग होता.

आपल्या अंगणात

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? रविवारची उपासना चुकवत नाही, नाताळला करंज्या करतो, घरात वचनाची चौकट टांगलेली असते. हा राबातला हिरवा गालिचा आहे. तो सुंदर आहे, पण त्याला ओंब्या नाहीत. मंडळीतली एखादी म्हातारी एकटी पडली असेल, तर आठवड्यातून एकदा तिची औषधं आणून द्यावीत, तिच्याजवळ तासभर बसावं. शेजारी आपल्या धर्माचा नसेल, तर आधी त्याच्याकडे जावं. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ते आपल्याला पकडून देणारा पंक्तीत बसलेला आहे हे ठाऊक असताना. सेवेला पात्र माणूस शोधत बसायचं नसतं, हे त्या घंगाळाने शिकवलं.

असं करू लागलं की लवकरच आपली शक्ती अपुरी पडते. ते पिवळं पडण्याचे दिवस असतात. तेव्हाची प्रार्थना खरी असते, कारण मागण्यावाचून गत्यंतरच नसतं. सेवेला विश्वास लागतो, विश्वासाने शरण जाता येतं आणि शरण गेलेल्या माणसाला पुन्हा सेवेचंच काम मिळतं.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद केला. तो मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. दुष्काळातून आणलेल्या मुली खिळे जुळवत, कागद दुमडत, पुस्तकं बांधत. ऐकू जवळजवळ येत नव्हतं, तरी बाई शेवटपर्यंत मुद्रितं तपासत राहिल्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, लेकीच्या मागे संस्था सोपवायचा बेतही गेला. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी डोळे मिटले. छापलेलं संपूर्ण बायबल त्यांना हातात घेता आलं नाही, ते १९२४ मध्ये बाहेर आलं. मुक्तीचं काम केडगावला आजही चालू आहे.

वैशाखऱ्यात झोडणी झाली की शेतकरी सगळंच भात भरडायला देत नाही. त्यातला चांगला, भरलेला दाणा निवडून कणगीत बियाण्याला ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा राब भाजायचा असतो.