लस घ्यायला आलेल्या बाळाला खोकल्याची रांग नको

फेब्रुवारी १९८१. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अंगावर गोवराचे पुरळ उठलेला बारा वर्षांचा मुलगा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तासभर होता. त्याला जोराचा खोकला होता. त्या दवाखान्यातून पुढे सात मुलांना गोवर झाला. त्यांतली तिघे त्या मुलासोबत एका खोलीत कधी नव्हतीच. एक मूल तर तो गेल्यावर तासाभराने आले होते. गोवराचा विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे शेजारी कोण बसले आहे एवढे पाहून भागत नाही. आधी कोण येऊन गेले आणि खोलीत हवा किती खेळती आहे, यावरही धोका ठरतो. तान्ह्या बाळांच्या श्वासनलिका सुजवणाऱ्या आरएसव्ही या विषाणूची वाट निराळी आहे. तो मुख्यतः जवळून उडणाऱ्या थेंबांतून आणि हातांवाटे पसरतो. त्यामुळे हवेइतकीच हातांची स्वच्छताही महत्त्वाची आहे.

मुले शाळेत आणि घरीही आजारी पडतात, मग दवाखान्यालाच दोष का, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, निरोगी बाळाच्या नियमित तपासणीनंतरच्या दोन आठवड्यांत कुटुंबात फ्लूसारख्या आजाराचे प्रमाण वाढलेले दिसले. पण ही वाढ थोडी होती, आणि संसर्ग दवाखान्यातच झाला हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही दवाखान्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे सर्वांत आजारी मुले आणि सर्वांत नाजूक मुले एकाच बाकावर येतात. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीच्या बाळाला स्वतःच्या लशीचे कवच नसते.

म्हणून दवाखान्यात जाणेच टाळावे काय? मुळीच नाही. लस चुकली तर धोका कितीतरी वाढतो; २०२२च्या मुंबईतल्या गोवराच्या साथीत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने सापडली. उपाय दवाखान्याच्या व्यवस्थेतच आहे. लसीकरणाची वेळ आजारी मुलांच्या आधी ठेवावी, ताप आणि पुरळ असलेल्या मुलाला बाकावर न बसवता थेट वेगळ्या खोलीत न्यावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जागा अपुरी आहे ही अडचण खरी, पण वेळा वाटून घ्यायला जास्तीची खोली लागत नाही. पालकांनीही निघण्यापूर्वी फोन करून पुरळाची कल्पना द्यावी. बाळाला लस देणे हे दवाखान्याचे काम असेल, तर लशीची वाट पाहताना त्याला आजार जडू न देणे हेही त्याच कामात मोडते.